शेवटचा शिपाई कोण? : रत्नागिरी जिल्हा आणि महायुद्धांतील सैनिकांचा सन्मान

१२ मार्च २००८ रोजी लाझार पोंतिसेली हा एकशेदहा वर्षांचा वृद्ध पॅरिसनजीक मरण पावला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूने लढलेल्या सैनिकांपैकी तो अखेरचा होय. जन्माने तो इटालियन. १९१४ साली वय चोरून परदेशी पलटणीत दाखल झालेला. जो कोणी शेवटचा उरेल त्यास राष्ट्रीय इतमामाने निरोप द्यावयाचा असे फ्रेंच सरकारने आधीच ठरविले होते. पोंतिसेलीने हा मान प्रथम नाकारला. आपल्या आधी गेलेल्यांच्या वाट्यास असे काही आले नाही, ही त्याची हरकत. पुढे सर्व मृतांच्या नावाने आणि साधेपणाने सोहळा व्हावा ह्या अटीवर त्याने संमती दिली. इंग्लंडात खंदकांतील लढाई पाहिलेला अखेरचा शिपाई हॅरी पॅच २५ जुलै २००९ रोजी गेला, अमेरिकेत फ्रँक बकल्स २७ फेब्रुवारी २०११ रोजी. ह्या मालिकेत सर्वांत शेवटचे नाव एका स्त्रीचे आहे. फ्लॉरेन्स ग्रीन ही विमानदलाच्या अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात वाढप्याचे काम करी. ४ फेब्रुवारी २०१२ रोजी तिचे निधन झाले, तेव्हा त्या युद्धात गणवेश घातलेली अखेरची व्यक्ती जगातून नाहीशी झाली, असे सर्वत्र मानले गेले.

‘असे मानले गेले’ ह्या शब्दप्रयोगाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. त्या युद्धात तेरा लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार गेले आणि सुमारे चौऱ्याहत्तर हजार परत आले नाहीत. परत आलेल्यांपैकी शेवटचा केव्हा आणि कोणत्या गावी गेला, ह्याची सर्वमान्य नोंद नाही. आपल्याकडे कोणी शंभरी गाठली नाही असे नव्हे. शेवटचा कोण हे ठरविण्यासाठी आधी सर्वांची यादी लागते, आणि ती यादी जिवंत ठेवणारे कोणी तरी लागते. भोजनगृहात ताटे उचलणारी स्त्री ज्या गणनेत बसते, त्याच गणनेत खेचरे हाकणारा, बोटीच्या भट्टीत कोळसा ओतणारा आणि छावणीत पाणी वाहणारा कोकणी माणूसही बसावयास हवा. तो बसलेला दिसत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय ही उणीव होय, आणि ती रत्नागिरी जिल्ह्यापुरती तपासण्याचा येथे प्रयत्न केला आहे. दुसऱ्या महायुद्धाचे जे थोडे सैनिक हयात असतील ते आज शंभरीच्या उंबरठ्यावर किंवा तिच्या पलीकडे आहेत. तोच प्रकार त्यांच्याही बाबतीत डोळ्यांदेखत घडत आहे, म्हणून ह्या विषयास विलंब सोसणार नाही.

येथे रत्नागिरी म्हणजे १९८१ पूर्वीचा जिल्हा, ज्यातून पुढे सिंधुदुर्ग वेगळा झाला, असे समजावे. भातशेतीचे लहान तुकडे, खोताचे देणे व वेठ, आणि एका घरात खाणारी तोंडे अनेक, अशा मुलखातून तरुण माणूस बाहेर पडणे हे अपरिहार्यच होते. तो गिरणीत गेला, गोदीत गेला, बोटीवर गेला किंवा पलटणीत गेला. चाकरमानी हा शब्द आपण आज मुंबईकरापुरता वापरतो. पण मनीऑर्डर जशी परळहून येई तशी ती बेळगावच्या छावणीतूनही येई, आणि घराच्या दृष्टीने दोहोंत फारसा फरक नव्हता. दापोलीस आजही जुनी माणसे ‘कॅम्प’ म्हणतात, तो एकोणिसाव्या शतकातील लष्करी ठाण्याचा अवशेष होय. ठाणे उठले, पण पेन्शनर शिपायांची वस्ती मागे राहिली. त्या वस्तीला एक निराळे महत्त्व आहे. सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीस स्थायिक झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी अस्पृश्यतेविरुद्ध पहिली संघटित लेखणी येथून चालविली. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, ते सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीस राहिले. पलटणीतील शाळेने एका पिढीस अक्षरओळख दिली, आणि त्या अक्षरओळखीतून पुढचा सारा इतिहास निघाला.

१८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची भरती बंद केली. लढवय्या जाती व इतर जाती अशी वर्गवारी त्या काळी लष्करी खात्यात मान्यता पावली होती. पिढ्यान्‌पिढ्या शिपाईगिरी केलेल्यांना एका फटकाऱ्यात ‘इतरां’त ढकलले गेले. वलंगकरांनी १८९४ साली ह्याविरुद्ध अर्ज तयार केला, इतरांनी पुढेही अर्ज केले. उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो महायुद्धाचा. माणसे कमी पडू लागताच १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज संपताच १९२१ साली मोडण्यात आली. दुसरे महायुद्ध आले तेव्हा हाच पाठ पुन्हा गिरवला गेला, फक्त शेवट वेगळा झाला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, आणि ही रेजिमेंट आजही आहे. मोडलेल्या पलटणीतील शिपायास पलटणीचे घर राहत नाही. त्याच्या नावाने वार्षिक दिन साजरा होत नाही, त्याच्या पदकांचे संग्रहालय नसते, आणि नव्वदीत पोहोचल्यावर त्याच्या दारी कोणी अधिकारी शाल घेऊन येत नाही. सन्मानाचा प्रश्न हा बराचसा दप्तराचा प्रश्न आहे, तो असा.

मराठा पलटणींचे दप्तर अधिक सलग आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेलेल्या फौजेत १०३, ११० व ११७ ह्या तीन मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये तैग्रिस नदीकाठच्या कूत-अल-अमारा ह्या गावी ह्या फौजेस तुर्कांनी वेढा घातला. सुमारे पाच महिने वेढा चालला, दाणागोटा संपला, घोडी व खेचरे मारून खावी लागली. अनेक हिंदी शिपायांनी घोड्याचे मांस बरेच दिवस नाकारले व ते अशक्त होत गेले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली. त्यानंतरच्या वाळवंटातील पायपिटीत व छावण्यांत फार माणसे मेली. ह्या मोहिमेतील मृतांसाठी १९२९ साली बसऱ्यास स्मारक उभारले. त्यावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची गणना आहे. त्यांत ब्रिटिश शिपाई नावानिशी कोरले आहेत, हिंदी अधिकारीही नावानिशी आहेत. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ आकडा दिला आहे. अमुक पलटण, आणि इतर इतके.

ह्यात चूक झाली हे स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली आपल्या अहवालात मान्य केले. आशिया व आफ्रिकेतील पंचेचाळीस ते चोपन्न हजार मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले, आणि एक लाख सोळा हजार किंवा त्याहून अधिक मृतांचे नावाने झालेच नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. दिल्लीचे युद्धस्मारक, ज्यास आपण इंडिया गेट म्हणतो, त्यावर तेरा हजारांवर नावे आहेत. तेथेही चौऱ्याहत्तर हजार मावले नाहीत.

आता गावाकडे पाहू. कोकणात व देशावर अनेक गावांच्या चावडीवर, शाळेच्या भिंतीत किंवा देवळाच्या आवारात संगमरवरी शिळा बसविलेल्या आढळतात. मजकूर ठरीव आहे: ह्या गावाहून १९१४-१९१९ च्या महायुद्धास इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी आपले प्राण दिले. नाव एकही नाही. शिळा पाठविणाऱ्या सरकारला गावाचा हिशेब द्यावयाचा होता. गावाला आकडा सांगण्याची गरज नव्हती, कारण गेलेल्यांची नावे घरोघर माहीत होती. शिळेने जे लिहिले ते गावास ठाऊक होते, आणि गावास जे ठाऊक होते ते शिळेने लिहिले नाही. तीन पिढ्यांनंतर आकडा तेवढा राहिला.

ह्यावर कोणी म्हणेल की आपल्या वीरगळांवरही नावे नाहीत. आक्षेप बरोबर आहे. कर्नाटकातील वीरगळांवर लेख पुष्कळ आढळतात, महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळ मुके आहेत. परंतु वीरगळ निदान प्रसंग सांगतो. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा त्यास नेत आहेत, वर शिवपूजा. बोरीवलीजवळ एक्सर येथील वीरगळांवर तर वल्ही मारणाऱ्यांसह युद्धनौकांची रांग कोरलेली आहे. तो वीर समुद्रावर पडला हे आठशे-नऊशे वर्षांनंतरही आपणास कळते. संगमरवरी शिळेवरून तो बसऱ्यास मेला की फ्रान्सात, तापाने की गोळीने, एवढेही कळत नाही.

भाषेचा अभ्यासक ह्या नात्याने मला ह्याहूनही अधिक बोचणारी गोष्ट वेगळी आहे. ग्रिअर्सन ह्यांच्या भाषापाहणीचा मराठीस वाहिलेला सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात संगमेश्वरी, बाणकोटी, कुडाळी, चित्पावनी असे ह्या जिल्ह्यातील व त्याच्या सीमेवरील बोलींचे नमुने आहेत. नमुन्यासाठी सर्वत्र एकच कथा घेतली होती, बायबलातील उधळ्या मुलाची. घर सोडून दूर देशी गेलेला मुलगा विपन्नावस्थेत परत येतो, आणि बाप त्यास पोटाशी धरतो. नऊ वर्षांनी त्याच तालुक्यांतून खरोखरीची मुले दूर देशी गेली. त्यांतली काही परत आली व आपापल्या संगमेश्वरीत, बाणकोटीत ती कथा ओटीवर बसून सांगत राहिली. ती कोणी उतरून घेतली नाही. पाहणीतील कल्पित मुलाचे प्रत्येक क्रियापद छापलेले आहे; खऱ्या मुलाचे एकही वाक्य नाही.

उतरून घेतले ते शत्रूने. बर्लिनजवळ व्ह्यून्सडॉर्फ येथील युद्धकैद्यांच्या छावणीत जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी व ध्वनिशास्त्रज्ञांनी १९१५ ते १९१८ ह्या काळात कैद्यांचे आवाज तबकड्यांवर घेतले. त्यांत हिंदी शिपाईही होते. मालसिंग नावाच्या पंजाबी शिपायाची ११ डिसेंबर १९१६ ची तबकडी प्रसिद्ध आहे. घरचे लोणी आठवणारा तो आवाज आजही ऐकता येतो. इकडे इंग्रज सरकार फ्रान्सातील हिंदी शिपायांची पत्रे उघडून वाचत होते. पत्रे तपासणारे अधिकारी त्यांतील वेचे इंग्रजीत उतरवून दर आठवड्यास अहवाल पाठवीत. ते वेचे राहिले, मूळ पत्रे बहुतेक नाहीशी झाली. त्यामुळे शिपायाने काय लिहिले ते कळते, कोणत्या शब्दांत लिहिले ते कळत नाही. ज्यास लिहिता येत नसे तो दुसऱ्याकडून लिहवून घेई, तो लेखनिक आपली भाषा घाली, आणि वर अनुवादकाची तिसरी. कोकणातील बोली त्या तीन गाळण्यांतून पलीकडे पोहोचण्याचा संभव फार थोडा होता. लष्कराची व्यवहारभाषाही हिंदुस्तानी, आणि ती रोमन लिपीत शिकविली जाई.

तथापि बोलीत शब्द आले, व त्यांच्या इतिहासातून काही हाती लागते. रंगरूट हा ‘रिक्रूट’चा देशी अवतार सर्वपरिचित आहे, पहाऱ्यावरील ‘कोण येतो’ अशा अर्थाची इंग्रजी हाक ‘हुकुमदार’ झाली, ही गंमतही जुनी आहे. त्याहून बोधप्रद ते शब्द, ज्यांची पत उतरत गेली. फारसीतला सरहंग हा सेनानायक. तो बोटीवर सरंग होऊन खलाशांचा मुकादम झाला. लश्कर म्हणजे फौज. पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत जाता जाता त्याचा अर्थ बोटीवरील हिंदी हमाल-खलाशी एवढाच उरला. जमादार हा कमिशन मिळालेला हिंदी अधिकारी. स्वातंत्र्यानंतर, १९६५ साली, त्याचा नायब सुभेदार करावा लागला, कारण तोवर व्यवहारात जमादार म्हणजे झाडूवाल्यांवरचा माणूस झाला होता. आणि शिपाई! ज्या शब्दाने आपले पणजोबा बसऱ्यास गेले, तो आज कचेरीत चहा आणणाऱ्यास लावतात. सन्मानपत्रांत आपण ‘जवान’ किंवा ‘वीर सैनिक’ लिहितो, हे ठीकच. पण म्हातारा स्वतःस शिपाई म्हणवीत असेल तर त्याच्या तोंडचा शब्द बदलण्याचा अधिकार आपणास कोठून आला?

समुद्रावरच्या माणसांची कथा आणखीच दुर्लक्षित आहे. पूर्वीच्या हिंदी आरमारात खलाशांची भरती प्रामुख्याने रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून, त्यांतही कोकणी मुसलमानांतून, होत असे. व्यापारी जहाजांवरही ह्याच किनाऱ्याचे तांडेल, सरंग आणि भट्टीवाले असत. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी आरमारात दोन हजारांहूनही कमी माणसे होती, ती अखेरीस पंचवीस हजारांवर गेली. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी ‘बेंगॉल’ ह्या लहानशा सुरुंगशोधक नौकेने हिंदी महासागरात आपल्या अनेकपट मोठ्या दोन जपानी जहाजांशी झुंज दिली व त्यांपैकी एक बुडाले, ही घटना त्या आरमाराची शान मानली जाते. मुंबईस मशीद बंदरानजीक खलाशांच्या वसतिगृहात दोन्ही युद्धांत बुडालेल्यांचे स्मारक आहे. दुसऱ्या युद्धातील सहा हजारांवर हिंदी खलाशी त्यात गणले आहेत. मुंबईकरांपैकी किती जणांनी ते पाहिले असेल? खलाशी गणवेशातला नसल्याने सैनिक नव्हे, आणि घरी न मेल्याने गावच्या कबरस्तानातही नाही. त्यात १८ फेब्रुवारी १९४६ ची भर पडली. ‘तलवार’ नौकातळावर नाविकांनी उठाव केला आणि युद्ध जिंकून आलेली मुले एका आठवड्यात गुन्हेगार ठरली. कुलाब्यास त्या उठावाचे स्मारक झाले आहे. परंतु बडतर्फ झालेल्यांची युद्धातील चाकरी त्या उठावाच्या तेजात झाकून गेली.

येथे एक मानसिक अडचण उघड सांगितली पाहिजे. महाराष्ट्राने ह्या माणसांचे कौतुक हात राखून केले, कारण ती परक्या राजासाठी लढली. ही अडचण खोटी नाही. परंतु त्या काळच्या नेत्यांची भूमिका आपण समजतो तितकी सरळ नव्हती. रत्नागिरीतच जन्मलेल्या लोकमान्यांनी १९१८ साली भरतीस विरोध केला नाही. हिंदी माणसास अधिकाऱ्याचा दर्जा मिळणार असेल तर महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देतो, न दिल्यास पन्नास हजार रुपये जप्त करावे, असा पैजेचा धनादेश त्यांनी गांधीजींकडे पाठविला होता. त्याच वर्षी मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नरांनी स्वराज्याविषयी बोलू दिले नाही म्हणून ते उठूनही आले. लोकमान्यांस जी अट घालता आली ती मंडणगडच्या कुळास घालता येत नव्हती. त्याच्यापुढे खोत एका बाजूस होता व अकरा रुपयांच्या आसपासचा मासिक पगार दुसऱ्या बाजूस.

इतिहासाने मात्र एक विचित्र वर्तुळ काढले. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा ह्यास इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीस आणून ठेवले. १९१० साली त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात तो १९१६ साली मरण पावला, म्हणजे कूत पडले त्याच वर्षी. पाव शतकानंतर कोकणातील मुले त्याच ब्रह्मदेशच्या जंगलात इंग्रजांसाठी जपान्यांशी लढली. काही इटलीत गेली. शेजारच्या माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तैबर नदीच्या वरच्या खोऱ्यात आपले सर्व सोबती पडल्यावर एकटे मशीनगनवर धावून गेले, ते ठाणे घेऊन तेथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह सापडला नाही. कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे, माणगावास पुतळा आहे, आणि २०२३ साली इटलीतील मोंतोने गावी त्यांच्या नावे सूर्यघटिकेचे स्मारक झाले. एका माणसाचे स्मरण नीट झाले की कसे होते ते येथे दिसते. ते झाले, कारण नाव होते.

राहिलेल्या माणसांविषयी काय करावे? दुसऱ्या महायुद्धासाठी भरती झालेल्यांना युद्ध संपताच १९४५-४६ मध्ये मोठ्या संख्येने घरी पाठविण्यात आले. निवृत्तिवेतनास लागणारी पंधरा वर्षे त्यांची भरली नव्हती, त्यामुळे लढाई पाहिलेला माणूस पेन्शनीविना राहिला. महाराष्ट्र शासनाने पुढे अशा सैनिकांना व त्यांच्या विधवांना मासिक अनुदान सुरू केले, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांतून ते दिले जाते. हे योग्य झाले. ह्या अनुदानाचा एक अनपेक्षित लाभ असा की त्यामुळे यादी तयार होते, आणि यादीत विधवा आहेत. युद्धाची घरची बाजू, म्हणजे पत्र न येण्याचे महिने, वाचून दाखविणारा मास्तर, मनीऑर्डरीवर कोणाचा अंगठा, हे त्याच सांगू शकतात. सत्कारसमारंभात शाल व नारळ देऊन म्हाताऱ्यास खुर्चीवर बसवितात आणि भाषण दुसराच करतो. त्याऐवजी त्याने बोलावे व आपण ध्वनिमुद्रण करावे. प्रमाणभाषेत बोलण्याचा आग्रह न धरता, आणि शौर्याची गोष्ट काढण्यासाठी न टोचता.

पहिल्या युद्धाचे बोलणारे कोणी उरले नाही, पण वस्तू आहेत. त्या युद्धाच्या रुपेरी पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव व पलटण रोमन अक्षरांत ठोकलेली असे. नोकरचाकरांच्या पदकाचा धातू कांसे. चांदीची पदके दुष्काळात किंवा लग्नात मोडली गेली; जी देव्हाऱ्यात किंवा फडताळात राहिली त्यांच्या कडा वाचून घ्यावयास हव्यात. समाधी आयोगाच्या नोंदवह्यांत हिंदी मृतांच्या बापाचे नाव, गाव, तालुका व ‘रत्नागिरी, मुंबई इलाखा’ असे ठिकठिकाणी मिळते. ती वर्णरचना इंग्रज कारकुनाच्या कानावर बेतलेली आहे, म्हणून ती वाचण्यास बोलींचे ज्ञान लागते. ह्या जिल्ह्याच्या बोलींत इकार-एकारापूर्वीचा व गळतो, ‘वीस’चे ‘ईस’ होते. म्हणजे विठूची नोंद ‘इठू’ अशी झालेली असणे संभवते, आणि व च्या खाली शोधणाऱ्यास तो सापडणार नाही. ण चा न, ळ चा ल होतो. गावाची वाडी गावाच्या जागी लिहिली जाते. मंडणगड, दापोली, खेड व चिपळूण ह्या चार तालुक्यांपासून आरंभ करून नोंदवहीतील गावांची व माणसांची नावे मूळ उच्चारात बसविणे, आणि ती त्या त्या गावच्या शिळेवरील आकड्याशी ताडून पाहणे, हे काम आमच्या विभागाच्या आवाक्यातले आहे.